दोन मजल्यांच्या मधे

नवरा लिफ्ट मेकॅनिक आणि लिफ्ट बंद पडावी ती आपल्याच इमारतीतली, याचं तिला आधी हसूच आलं. दिवसभर शाळेचे गणवेश शिवून तिची मान अवघडली होती, हातात भाजीची पिशवी होती, आणि हा माणूस बटणांकडे पाठ करून ढिम्म उभा.

"अहो, बघताय काय? करा की चालू!"

"बंद पडलेली नाही," तो म्हणाला. "मीच थांबवलीय."

घरात सासूबाईंचे कान तिखट, मुलगा सतत पायात. बोलायला दुसरी जागाच नव्हती म्हणे. मग एका दमात सगळं बाहेर आलं. तो मोबाईलवर सामन्यांवर पैसे लावत होता. सुरुवातीला थोडे जिंकला, मग गेलेले परत मिळवायच्या नादात लावतच गेला. मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसेही गेले. ओव्हरटाइमच्या सगळ्या थापा होत्या.

"मला थांबताच येत नाही गं," असं म्हणून तो तिथेच खाली बसला.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला कळलं, तेही अधांतरी लटकलेलं असताना. ती रडली, त्याला नाही नाही ते बोलली. शेवटी दम लागला तेव्हा म्हणाली, "आधी लिफ्ट चालू करा. उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार आहे बरोबर."

डॉक्टर याला चांगलं खडसावतील, अशी तिची फार आशा होती. पण व्यसनमुक्ती विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं. हा आजार आहे, त्या म्हणाल्या, शपथा घेऊन जात नाही, पण उपचारांनी आटोक्यात येतो. माहेरून पैसे आणून सगळी देणी एकदम फेडून टाकते, असं ती म्हणाली, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तसं केलंत तर पुन्हा खेळायची वाट मोकळी होईल. त्यांच्या पगारातूनच फिटू देत हळूहळू." मग समुपदेशन सुरू झालं, त्याच्यासारख्यांची दर आठवड्याची बैठक सुरू झाली, हातात साधा बटणांचा फोन आला आणि पगाराचं खातं तिच्याकडे गेलं. "आणि तल्लफ आली की लपवू नका, सांगून टाका," बाईंनी निघताना बजावलं. "मनात येणं हा काही गुन्हा नाही."

सांगायची जागा ठरलेलीच होती. रोज संध्याकाळी तो फाटकाशी तिची वाट बघायचा, दोघं लिफ्टमध्ये शिरायची आणि तो मधेच लिफ्ट थांबवायचा. कधी "आज काही नाही," कधी "दुपारी हात शिवशिवले, बैठकीतल्या मित्राला फोन केला." तो खरं बोलतोय ना, हे ती रोज त्याचा चेहरा निरखून ताडून बघायची. एकदा कामावरच्या सोबत्याच्या फोनवरून खेळलाच, तेही त्याने मान खाली घालून तिथेच सांगितलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, पण त्या आठवड्यात बैठकीला मात्र स्वतः सोडायला गेली. इकडे शेजारी कुरकुरायला लागले होते, की याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट रोज अडकते, हा कसला मेकॅनिक! तो बिचारा ऐकून घ्यायचा.

आणि एका संध्याकाळी तो म्हणाला, "आज जिन्याने जाऊ."

बोलायचं नसेल तरच हा लिफ्ट टाळणार. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्या मजल्यावर तिने पिशवी आपटली.

"किती लावलेत?"

"काय?"

"लिफ्ट का टाळलीत मग?"

"अगं, बिघडलीय ती! खरोखर बिघडलीय. पार्ट उद्या येणार. खाली एवढी मोठी पाटी लावलीय, माझ्या हातची!"

तिचा जीव भांड्यात पडला. ती पायरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तोही हसत शेजारी टेकला.

"बरं, मग इथेच सांगा," ती म्हणाली.

"आज काही नाही."

ती पिशवी उचलून चालायला लागली. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलंच नव्हतं.