केरबाची वांगी

शनवारी दुपारी केरबा परसात वांगी तोडाया लागला, तवाच लीलाबाईनं वळकलं, आपल्या नवऱ्यानं कुणालातरी शिवी घातलीया.

"कुणाला?" भाकरी थापता थापता तिनं इचारलं.

"नाथाजीला. ढोलकी न्हवं, फुटका डबा बडवतोस म्हनलो. म्होरं आनकी दोन शबुद गेले."

"भजनाच्या तालमीत? चर्चात?"

"पायरीवर गं. आत न्हाई."

केरबा वाईचा. जल्मभर येष्टी चालवली. शिव्या तवाच तोंडात बसल्या, त्या रिटायर झाल्यावर बी उतरल्या न्हाईत. पर चर्चात प्रभुभोजनाची भाकर वाटायाचा ऐतवार आला की आदल्या दिवशी, ज्याला वंगाळ बोलला त्याच्या दारात जायाचा, माफी मागायाचा, वांगी द्यायाचा. त्याबिगर प्रभूची भाकर तोंडात घालायाचा न्हाई. गल्लीतल्या बाया हसायाच्या, "मामा, औंदा वांगी लय लागल्यात, आमाला बी घाला की दोन शिव्या!"

एकदा लय कटाळून म्हनला हुता, "लीले, मी न्हाई जात आता चर्चात. तोंडच नासकं हाय माझं." तर चर्चाचे पाळकसायेब घरी आले. म्हनले, "केरबा, पडलास तर पडलास. उटून ये म्हंजी झालं." तवापास्नं त्यानं ऐतवार चुकवला न्हाई.

लीलाबाई टोमणा मारायाचीच. "येवढी वर्सं झाली, जीभ काय सुदारत न्हाई!"

"आगं, आदी शिव्या दिऊन घोरत पडायाचो. आता झोप येत न्हाई. सुदारलो का न्हाई?"

नाथाजीचं घर समोरच. त्या शनवारी त्यानं दारच उगाडलं न्हाई. आतनंच वराडला, "तुझी वांगी तूच खा!" लीलाबाईला वाटलं, झालं, आता ह्यो दार मोडतोय. पर केरबानं व्हट दाबलं, पिशवी कडीला अडकीवली आन् माघारी आला.

"एक बी शिवी न्हाई दिली, बगितलंस न्हवं?" पोरावानी खूश हुता. "सकाळी उपासनंच्या आदी परत जातो."

सकाळी धुतल्याली कापडं घालून च्याला बसला आन् बसल्या जागीच गेला.

मातीला सगळी गल्ली आली. नाथाजी लांबच हुबा ऱ्हायला. लीलाबाईच्या जिवाला येकच घोर, मानूस मिटवाया गेला आन् मिटलंच न्हाई.

फुडचं प्रभुभोजन आलं. आदल्या दिवशी नाथाजी दारात, हातात पिशवी, मान खाली.

"वैनी, बाजारातनं वांगी आनल्यात. त्यानं ठिवल्याली मी त्याच सांजंला भाजी करून खाल्ली. ऐतवारी मीच येनार हुतो सांगाया."

लीलाबाईनं पिशवी घेतली. विळी वढली, वांगं चिरलं. आत कीड.

"किडकी आनलीस व्हय रं, मुडद्या?"

नाथाजी दचाकला. मग दोगं बी हसाया लागली, हसता हसता डोळं पुसाया लागली.

"वैनी, शिवी दिलीसा. आता तुमाला माझ्या दारात वांगी घिऊन यावं लागतंय."

"यीन की," लीलाबाई म्हनली. "त्येंच्या झाडाला हायत आजून."