पायाखालच्या दोन फळ्या

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. घरी सोडताना भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हाताचं सांगता येत नाही, पाय येऊ शकतो. पण या दोन-तीन महिन्यांत हलवला नाही, तर माणूस खाटेवरच राहील.

बाबा जन्मभर आंधळगावच्या आमच्या घरात खड्ड्याच्या मागावर, खड्ड्यात पाय सोडून फळ्या दाबत, कोशाचं रेशमी कापड विणत आले होते. दुसऱ्यानं हात लावून उठवणं त्यांना सोसत नसे. आई त्यांना बसतं करायची तेव्हा ते डोळे मिटून घेत. व्यायामाचं नाव काढलं की मात्र भिंतीकडे तोंड.

"त्या पायाले काही समजतच नाही. त काय सांगू त्याले?"

मी पोटापाण्याला कारकून, पण मनानं विजेचा कारागीर. या दोहोंतलं अंतर आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी दुरुस्त केलेल्या मिक्सरचं बटण आई लाकडी उलथन्यानं दाबत असे. माझ्याजवळ एक जुनापुराणा घरगुती कॉम्प्युटरही होता, कॉलेजात असताना नागपूरच्या भंगार बाजारातून आणलेला. कळफलकाच्या डब्यातच सगळं यंत्र, पडदा म्हणून घरचा टी.व्ही. खेळ कॅसेटवरून चढायचा आणि चढेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यातला एक खेळ बाबांना आवडे. वरून पांढरा ठिपका येतो, खाली एक आखूड पट्टी डावी-उजवी सरकवून तो परतवायचा. मागाला काम नसलं की बाबा येऊन बसत. ठिपका सहसा चुकत नसे. "मागावरच्या धावत्या धोट्यापेक्षा लय हळू हाय थे," म्हणायचे.

त्या खेळाची मला आठवण झाली. यंत्राच्या मागे खेळाची दांडी जोडायला नऊ पिनांचं सॉकेट असतं. त्यातली एक तार सगळ्यांची सामाईक. तिला दुसरी तार टेकवली की पट्टी डावीकडे जाते, तिसरी टेकवली की उजवीकडे. म्हणजे दारावरच्या घंटीची दोन बटणं पुरे. साबणाच्या डबीत ती बसवली आणि डबी बाबांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी दोन ठिपके परतवले आणि डबी खाटेवर ठेवून दिली.

"डावा हात त चांगलाच हाय. त्याले कायले खेळवून राहिला?"

बरोबरच होतं. मग मी दोन फळ्या घेतल्या. टाचेकडे बिजागरी, पंजाखाली स्प्रिंग आणि त्याखाली बटण. डाव्या पायानं डावीकडे, उजव्या पायानं उजवीकडे. खुर्चीत बसवून बाबांचे पाय फळ्यांवर ठेवले. डावी फळी दाबली गेली, पट्टी डाव्या भिंतीला जाऊन चिकटली आणि तिथंच राहिली. ठिपके उजवीकडून पडत गेले. बाबांचा चेहरा पाहवेना. मी टी.व्ही. बंद करायला उठलो.

"थांब," ते म्हणाले. "फळ्या चुकल्या तुह्या."

"काहून? दाबते त बरोबर."

"सुट्या हायेत. मागाच्या फळ्या सुट्या असतात का रे? एक खाली गेली का दुसरी वर आली पाहिजे. थे दोघी वरून बांधल्या असतात."

मागावर जन्म काढलेल्या घरातला मुलगा मी, आणि त्या फळ्या रोज पाहिल्या होत्या, नुसत्या पाहिल्या होत्या. आई दारातून म्हणाली, "याले मागावर बसवलं का तासभर फणीचे दातच मोजत बसे." महिन्याभरात पहिल्यांदाच बाबांच्या तोंडाचा डावा कोपरा हसण्यासारखा हलला.

टेबलाखाली कप्पी ठोकली. तिच्यावरून एक दोरी दोन्ही फळ्यांच्या पुढच्या टोकांना बांधली. आता डावी फळी खाली गेली की उजवी वर येई आणि मेलेला पाय पंजापासून उचलला जाई. पायाला काही समजत नव्हतं, पण शेजारचा त्याला उठवत होता. उजवीकडे जायचं तेव्हा मात्र जोर लागे. मग आई खाली बसून बाबांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवी. ठिपका उजवीकडे वळला की बाबा म्हणत, "हं," आणि आई गुडघा दाबी. आईला खेळात काडीचा रस नव्हता. ती पडद्याकडे पाठ करून बसायची, गुडघ्याकडे बघत, आणि दाबताना पुटपुटायची, "जा बापा, जा."

असं सहा-सात आठवडे चाललं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले. पाय तसाच. मी ते बोलत नसे, आईही नाही. बाबांनाच ठाऊक नसेल असं आम्ही धरून चाललो होतो.

एका दुपारी दारात भाजीवाली आली. आई उठून गेली आणि तिथंच वांग्यांवरून बोलत राहिली. बाबा एकटेच खेळत होते. पट्टी डावीकडे गेली. मग उजवीकडे गेली.

"मशीन बिघडली," बाबा म्हणाले.

मलाही तेच वाटलं. माझ्या सोल्डरिंगचा डाग कच्चा निघणं ही आमच्याकडे बातमीच नव्हती. मी फळीखाली वाकलो, उजव्या बटणाच्या तारा सोडल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या. पट्टी पुन्हा उजवीकडे सरकली. तार कुठं तरी चिकटली असणार, म्हणून मी टॉर्च आणायला निघालो.

तेवढ्यात आई वांगी घेऊन आत आली. पडद्यावरची पट्टी उजवीकडे जाताना तिनं पाहिली.

"कोणं दाबलं?" तिनं मला विचारलं.

"कोणी नाही. शॉर्ट झालं."

"मी त अठी नव्हतीच," आई म्हणाली, आणि पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

बाबांनी डावा पाय फळीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला. "टी.व्ही. नको पाहू," ते मला म्हणाले. "पाय पाह्य."

मी पुन्हा टेबलाखाली वाकून पाहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग अंगठा हलला. मग पंजा जरासा ताणला गेला, थरथरला, टाच जागच्या जागी राहिली आणि फळी हळूहळू खाली गेली. बटणाचा आवाज झाला.

आई नेहमीच्या जागी खाली बसली. हात मात्र तिनं आपल्या मांडीवरच ठेवले.