रंगुबाई शेवटी निघतात

देवळाली प्रवऱ्यात लग्न कुणाचंही असो, मांडववाल्याच्या आधी रंगुबाई हजर. एकदा तर मांडववाल्यानं त्यांनाच नवरीची आई समजून खांब कुठं रोवायचे ते विचारलं, आणि त्यांनी सांगितलंही! शाळेत पोषण आहाराची खिचडी त्या शिजवतात. शिपाई किल्ली घेऊन येतो तेव्हा बाई फाटकाला टेकून डाळ निवडत असतात.

शिवाय मोजणी. कुठंही निघताना डोकी मोजायची, दोनदा. मुलगा कानिफनाथ वैतागतो, "आये, मोटरसायकलवर दोघंच हाय आपन!" तरी मोजतात.

याचं मूळ अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं. आईबाप कर्जतकडून इकडं ऊस तोडायला यायचे. हंगाम संपला, टोळीचे दोन ट्रक निघाले. आठ वर्षांची रंगू कळशी घेऊन कालव्याच्या पाटावर पाण्याला गेली होती. आईला वाटलं पोरगी बापाच्या ट्रकमध्ये, बापाला वाटलं आईच्या. बाप शोधत परत येईपर्यंत दोन दिवस ती पाचटाच्या रिकाम्या कोपीत बसून राहिली. कळशीतलं पाणी मात्र सांडू दिलं नाही.

बाईंची घाई, मोजणी, सगळं घरात हसण्यावारी चाललं होतं. पण यंदा सात वर्षांची नात सृष्टी नखं खात, दप्तर पाठीला लावून, शाळेच्या बसआधी दीड तास दारात उभी राहू लागली. "आज्जी, बस मला सोडून गेली तर?" ते ऐकलं आणि रंगुबाई त्याच आठवड्यात नगरला समुपदेशक निकिता मॅडमपुढं जाऊन बसल्या. अर्थात, दवाखाना उघडायच्या आधीच.

मॅडम म्हणाल्या, "रंगुबाई, ती आठ वर्षांची पोर अजून पाटावरच उभी आहे. तिला घरी आणायचंय."

"आनते की. किती वाजता निघायचं?"

दोन महिने बोलणं झालं. मग मॅडमनी घरचा अभ्यास दिला: एकदा सगळ्यांच्या शेवटी घरातून निघायचं. आणि मोजायचं नाही.

भाचीच्या लग्नाला कर्जतला जायचं ठरलं, तेव्हा रंगुबाईंनी मनाशी पक्कं केलं. घरात कुणाला सांगितलं नाही, नाहीतर लोक थांबणार, मग अभ्यास कसला? दारात दोन क्रूझर उभ्या राहिल्या. हॉर्न वाजले. बाई स्वयंपाकघरात ओटा घट्ट धरून उभ्या. पहाटे चारपासून त्या तयार होत्या, हे मॅडमना अजून ठाऊक नाही.

गलका थांबल्यावर पाव तासानं त्या बाहेर आल्या. अंगणात फक्त चाकांच्या खुणा.

पुढच्या गाडीला वाटलं रंगुबाई मागच्या गाडीत. मागच्या गाडीला वाटलं, त्या आणि मागं? पुढंच असणार! डोकी कुणीच मोजली नव्हती, कारण ते खातं रंगुबाईंचं.

रंगुबाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मॅडमनी शिकवल्यासारखा त्यांनी सावकाश श्वास घेतला, तीनदा. मग कमरेचा मोबाईल काढला.

"कान्या, कुटवर गेला?"

"राहुरीच्या पुढं. तू मागच्या गाडीत नीट बसली ना?"

"मी दारात हाय."

फोनमध्ये सृष्टीची किंकाळी, "आज्जी राहिली!" आणि सगळ्या गाडीचा गोंधळ.

"आये, रडू नको! आलोच!"

"रडतंय कोन? या सावकाश. मी च्या ठिवते."

अर्ध्या तासात दोन्ही क्रूझर हॉर्न वाजवत परतल्या. रंगुबाई पायरीवर बशी घेऊन बसलेल्या. सून भारतीनं खिडकीतून डोकं काढलं, "आत्याबाई, चला लवकर, मुहूर्त हाय!"

"थांब जरा. च्या गरम हाय."

जन्मात पहिल्यांदाच वीस माणसं रंगुबाईंसाठी खोळंबली. सृष्टी उतरून त्यांना बिलगली. "गाडी परत येते, आज्जी?"

"आली ना? तुझी गाडी सोडून गेली तर फोन कर, आन् बस निवांत."

सृष्टीनं बशीवर फुंकर घातली. नखं खायला तिला सवडच नव्हती.

कर्जतला पोचेपर्यंत अक्षता पडून पंगत बसली होती. वाढणारी बाई करवादली, "लई उशीर केला, बाई!"

रंगुबाईंचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. त्यांनी लगेच निकिता मॅडमना फोन लावला आणि तो वाढणारीच्या तोंडापुढं धरला. "पुन्यांदा म्हना, बाई. जरा मोठ्यानं."