कालची भाकरी आणि सरूअक्का

सरूअक्का शिळी भाकरी कानाशी धरून मोडायची. थट्टा नाही करत. अंबरपेठेतल्या तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी कधी येतं ते विचारायला मी खाली गेले, तर मागच्या ओट्यावर एक ठेंगणी, नऊवारीतली बाई डोळे मिटून बसलेली आणि उजव्या कानाशी भाकरीचा चतकोर. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने हात वर करून मला थांबवलं. कट्‌कन आवाज झाला. "ही वाळली. कुटायची," असं स्वतःशीच म्हणून तिने तुकडा डावीकडच्या परातीत टाकला. दुसरा तुकडा मुकाट तुटला. "ही ताकातली." तो उजवीकडच्या वाडग्यात. मग डोळे उघडून म्हणाली, "हं, बोल आता. पाणी सहाला येतंय. पण सहाला म्हणजे सहाला नव्हे."

ही नव्वदनंतरची गोष्ट. देशाची दारं उघडली असं सगळे म्हणत होते, आणि त्या दारातून ह्यांना कुकटपल्लीच्या एका नव्या कारखान्यात नोकरी मिळाली, म्हणून आम्ही पुणं सोडून हैदराबादेत आलो. हे दोन बस बदलून कामावर जायचे आणि मी चार वर्षांच्या ऋचाला घेऊन दिवसभर घरात. अक्काचं सासर तीन पिढ्या इथलंच, सरकारी नोकरीतलं. तिचे यजमान आप्पा कोर्टातून निवृत्त झालेले, अत्यंत अबोल. माहेर निजामाबादकडचं. त्यामुळे तिच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' तर होतेच, शिवाय तेलुगूही अधूनमधून डोकवायची. ऋचाला ती पहिल्या दिवसापासून चिट्टी म्हणायला लागली. तेलुगूत लहानगीला म्हणतात तसं. मी आपली पुण्याच्या रीतीने तिला अहो-जाहो करत होते. तिनेच एकदा सांगितलं, "अहो म्हटलीस की मला आप्पांच्या ऑफिसात गेल्यासारखं वाटतंय. अगं म्हण." तेव्हापासून ती माझी 'अगं अक्का' झाली.

ऋचाचं पोट पुण्यापासूनच बिघडलेलं होतं. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे, सारखे जुलाब, सारखी किरकिर. तिच्याहून लहान मुलं उंचीत तिच्या पुढे गेली होती. हैदराबादेत एका मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू चालत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, ब्रेड, बिस्किट, सगळं बंद, तेही जन्मभर. "नाही पाळलंत तर ही वाढणार नाही, बाई," इतकं स्पष्ट बोलले ते. मी रिक्षात बसून रडले. पुण्याच्या घरात वाढलेली मी, मला पोळी सोडून येत काय होतं? ज्वारीची भाकरी केली, ती ऋचाने थुंकून टाकली. आणि त्याच वर्षांत कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत बिस्किटांचे चकचकीत पुडे लटकायला लागले होते. पोर ते बघून रस्त्यात बसकण मारायची.

मी अक्काला हे सगळं सांगितलं तेव्हा ती अरेरे म्हणाली नाही की देवाचं नाव घेतलं नाही. "गहू नाही ना? मग मका आहे. मका पिवळा आहे, गोड आहे, पोरीला आवडंल," एवढंच म्हणाली आणि माळ्यावरून जातं काढून घेतलं. मी म्हटलं, "अगं, गिरणीतून आणू की दळून." तर म्हणाली, "गिरणीत आपल्या आधी कुणाचा गहू दळलाय ते तू बघायला जायलीस का?" साठी उलटलेली बाई रोज सकाळी माझ्या पोरीसाठी दोन मुठी मका दळायची. आधणाच्या पाण्यात उकड काढून, ओल्या फडक्यावर थापून भाकरी तव्यात उलटायची. ऋचाने पहिली भाकरी तूप-गुळाशी खाल्ली तेव्हा मी तिच्या जबड्याकडे बघत राहिले होते, ते मला अजून आठवतं.

पण मक्याच्या भाकरीची एक खोड असते. ताजी असेपर्यंतच ती भाकरी. दुपारी तिची थाळी होते. ऋचा खाणार चतकोर, आणि घरात रोज दोन-अडीच भाकऱ्या उरायच्या. मी एकदा त्या गाईला घालायला निघाले, तर अक्काने जिन्यातच अडवलं. "शिळी म्हणू नको, कालची म्हण. कालची भाकरी म्हणजे अर्धा झालेला स्वयंपाक आहे." आणि मग तिने मला जे दाखवलं, ते मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. जी मऊ तुटते ती ताकात भिजवायची, वरून जिरं-मीठ. जी थोडी आवाज करते ती कुस्करून कांद्याच्या फोडणीत परतायची. मुलांना वाटतं पोहेच आहेत. जी खणखणीत वाळते ती खलबत्त्यात कुटून, कढईत तुपावर भाजून गुळाचे लाडू. आणखी बारीक कुटली तर बटाट्याच्या टिक्क्या त्यात घोळवायच्या. अगदी चुरा उरला तर आंबट वरणाला दाटपणा आणायला. ऋचाच्या पाचव्या वाढदिवसाला तिने त्याच भुग्यात दही, गूळ आणि केळं कालवून, पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवून केक केला. गल्लीतल्या मुलांनी तो खाल्ला आणि कुणालाही कळलं नाही की ती परवाची भाकरी होती. चौथी शिकलेली ही बाई एका भाकरीत पाच पदार्थ बघायची. मी नुसती बघत राहायचे.

तरी ऋचा सुधारेना.

म्हणजे थोडी सुधारली, आणि मग तिथेच थांबली. आठवड्यातून दोन-तीनदा पोट जायचंच. डॉक्टर वजन करायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि मला विचारायचे, "चोरून बिस्किट तर खात नाही ना?" मी शपथेवर नाही म्हणायचे. अक्का तिला मांडीवर घेऊन पोटावरून हात फिरवत बसायची. अंगठा आणि मधल्या बोटाच्या कड्यात तिचं मनगट धरून बघायची, तर बोटं एकमेकांवर चढायची. पोट दुखतंय म्हणून तिच्या फोडणीत चिमूटभर हिंग जास्त घालायची, बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायची. आपल्याकडे कुणीही हेच केलं असतं. मीही वर माझ्या वरणात घालतच होते.

अशात पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या. नातीला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस त्यांनी सगळं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आजारी पोरीला शेजारीण शिळंपाकं खायला घालते आणि तू बघत बसतेस?" मी म्हटलं, "अहो आई, ती नीट बघून-हुंगून घेते." तर म्हणाल्या, "कानाने ऐकून पारखायला भाकरी म्हणजे काय मडकं आहे?" खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ऋचाला खाली पाठवणं मी बंद केलं. अक्काला खोटंच सांगितलं की डॉक्टरांनी बाहेरचं सगळं बंद केलंय. 'बाहेरचं' हा शब्द ऐकून ती म्हणाली, "हौ का. बरं." एवढंच. पण सकाळी जात्याची घरघर चालूच राहिली. पिठाचा डबा ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून जायची.

पंधरा दिवस गेले. सासूबाई पुण्याला परतल्या. ऋचाचं पोट होतं तसंच.

एके दुपारी अक्का वर आली. माझ्याकडे ती पहिल्यांदाच न बोलावता आली असेल. पदराखाली तिचा मसाल्याचा डबा होता. चटईवर बसली आणि म्हणाली, "मला राग नाही, आधीच सांगते. तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं. पण मला एक सांग, माझ्याकडचं कालचं बंद केलंस, तरी पोट गेलंच ना?"

मी मान हलवली.

"मग दोष कालच्या भाकरीचा नव्हे. ताजी भाकरी नि लाडू खाल्ल्यावर चिट्टीला काही होत नव्हतं, ते मी बघून ठेवलंय. फोडणीचं खाल्लं की दुसऱ्या दिवशी गडबड. मला वाटलं तेल असंल, तेल बदललं. कांदा असंल, कांदा सोडला. आता तुझ्या घरात नि माझ्या घरात सारखं काय आहे ते मला बघू दे. तुझा डबा काढ."

आम्ही दोघींनी डबे शेजारी शेजारी मांडले. मोहरी, हळद, जिरं, तिखट, हिंग. ती एकेक चिमूट हातावर घेऊन बघत होती, आणि मी तिच्याकडे. कुणी शिकवलं होतं हे तिला? डॉक्टरांनी माझ्या पोरीवर चोरीचा आळ घेतला, मी आणि सासूबाईंनी अक्कावर घेतला, आणि ही बाई आळ बाजूला ठेवून डबे तपासत बसली होती. मोहरी नि जिरं तिने परत डब्यात टाकलं. "हे शेतात येतंय तसंच आहे. हे बाकीचे तिन्ही माणसाने कुटलेले आहेत. माणसाने कुटलं की त्यात काय घातलं ते विचारावं लागतं."

दुसऱ्या दिवशी हळद, तिखट आणि हिंगाच्या पुड्या घेऊन ती एकटी सुलतान बाजारला गेली. तिथे तिच्या ओळखीचा एक म्हातारा मसालेवाला होता. पुढचं तिने मला सांगितलं ते असं. हळद-तिखट त्याच्यासमोर दळतात, त्यात काही नाही. हिंगाचं विचारलं तर हसला आणि म्हणाला, "अम्मा, खालिस हिंग कौन खा सकता? मैदा मिलाए बगैर डिब्बी में आताच नै." हिंग इतका उग्र की मैद्यात, नाहीतर गव्हाच्या पिठात मळून मगच तो विकतात. सगळेच विकतात. त्याला वाटत होतं हे सगळ्यांना माहीत असतं.

भर उन्हातून ती परत आली ती आपल्या घरात गेलीच नाही, सरळ जिना चढून वर. दारातच बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. हिंगाची डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पोरीचं दुखलं की मी आणखी घालायचे. माझ्याच हाताने गं."

मी म्हटलं, "अगं, मीही घालत होते."

"तू चिमूटभर. मी तर बेंबीला पण लावलं." मग पदराने तोंड पुसून उठली. "बस झालं. आता काम कर. डबा घासून घे, चमचा वेगळा ठेव. आणि उद्यापासून फोडणीत लसूण."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ऋचाला काट्यावर उभं केलं आणि काटा पुन्हा पुन्हा बघितला. काय बदललंत, म्हणून विचारलं. मी अक्काला मुद्दाम बरोबर नेलं होतं. तिने दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टर उठून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं, अम्मा." टेबलावरची पथ्याची छापील यादी ओढून त्यांनी खाली हाताने 'हिंग' लिहिलं. अक्का म्हणाली, "ठळक लिहा. बायका घाईत असतात."

पुढे आम्ही कुकटपल्लीला घर घेतलं. आप्पा गेले. येणं-जाणं सणावारी उरलं. ऋचा कॉलेजात होती तेव्हा अक्काच्या सुनेचा फोन आला की आता फार दिवस नाहीत, भेटून जा. आम्ही दोघी गेलो. अक्का खाटेवर, उशीपेक्षा लहान दिसत होती. ऋचा आत सुनेकडे पाणी आणायला गेली तशी अक्काने मला जवळ बोलावलं. "एक विचारायचं राहिलंय. तो हिंग. तू मनातून माफ केलंस का मला?"

इतकी वर्षं ती हे बाळगून होती, आणि मी? ज्या बाईने माझ्या पोरीसाठी रोज जातं ओढलं, तिच्या हातचं मी 'बाहेरचं' म्हणून बंद केलं होतं, आणि त्याबद्दल एक शब्दही कधी काढला नव्हता. ती विसरली असेल असं समजून सोयीने गप्प बसले होते. मी तिचे पाय धरले आणि ते तेव्हाचं खोटं तिच्यापुढे कबूल केलं. डॉक्टर तसं काही म्हणालेच नव्हते.

"मला माहीत होतं," अक्का म्हणाली. "मी त्याच दिवशी आप्पांना म्हटलं होतं, आई आहे ती, तिला घाबरू दे."

तेवढ्यात ऋचा आली. माझ्याहून अर्धी वीत उंच. अक्काने तिचा हात मागितला आणि पूर्वीसारखंच अंगठा आणि मधल्या बोटाच्या कड्यात तिचं मनगट धरून बघितलं. बोटं एकमेकांना टेकली नाहीत. तिने पुन्हा एकदा ओढून बघितलं, तरीही टेकली नाहीत. मग हात न सोडताच ती डोळे मिटून पडून राहिली.