उताराशेजारची खुर्ची

तिला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. गल्लीपासून किनाऱ्यापर्यंत सगळे तिला शिट्टीवहिनी म्हणत. नगरपालिकेने तिला एक शिट्टी, एक पिवळी टोपी आणि एक हातगाडी दिली होती, आणि सोबत सगळ्या जगाशी भांडण काढायची नोकरी. काम सांगायला सोपं होतं. वाळूवर सामान दिसलं आणि जवळ माणूस नसलं, तर शिट्टी वाजवायची. थोडी वाट बघायची. कुणी आलं नाही, तर सामान गाडीवर घालून पालिकेच्या शेडमध्ये नेऊन टाकायचं. हा नियम ज्याने लिहिला तो नक्की पंख्याखाली बसला असणार.

कारण सुट्टीवर आलेली माणसं म्हणजे एक अजब प्रकरण होतं. घरी दहा हाका मारल्याशिवाय जी उठत नसतील, ती इथे सूर्याच्या आधी उठत. डोळे चोळत खाली येत, टॉवेल अंथरत, छत्र्या रोवत, खुर्च्या मांडत, आणि जागा धरून झाली की हॉटेलात जाऊन पुन्हा झोपत. मग अर्धी सकाळ पाण्याजवळची सगळी वाळू टॉवेलांच्या मालकीची. टॉवेल ऊन खात पडलेले आणि गावातली माणसं मागे भिंतीला टेकून उभी. त्यात आता नुसत्या छत्रीवर भागत नव्हतं. तंबू, बर्फाची पेटी, हवा भरलेला सोफा, त्यात हवा भरायचा पंप, गाणी वाजवणारा डबा, आणि हे सगळं ओढून आणायला चाकांची गाडी. पाय बुडवायला आलेत की संसार थाटायला, असं ती दिवसातून एकदा तरी मोठ्याने म्हणे. ऐकणारं कुणी नसे, म्हणून समुद्राला म्हणे.

सामान उचललं की पाहुणे अंगावर येत. "अहो, जरा नाश्ता करायला गेलो होतो!" नाही उचललं की गल्लीतले टोमणे मारत. "वहिनी, पालिका पगार काय शिट्टी गळ्यात घालून मिरवायचा देते का?" आणि पालिकेतले साहेब, ज्यांच्या बुटाला वाळू कधी लागली नाही, ते म्हणत, "नियम सगळ्यांना सारखा. आणखी एक तक्रार आली तर तुमची बदली बसस्टँडच्या संडासांवर." एकूण काय, तिच्या नाकी नऊ आले होते.

घरी सासूबाई होत्या. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून पूर्वी समुद्र दिसायचा. मग पुढच्या जागेवर हॉटेल उभं राहिलं, तेही पाठ करून. आता खिडकीतून हॉटेलची मागची भिंत दिसे आणि तिच्यावर ओळीने टांगलेले एसीचे डबे. ते दिवसभर घुं घुं करत आणि थेंब थेंब गळत. सासूबाईंचे गुडघे गेलेले. मऊ वाळूत काठी रुतायची. त्यांना बसता येईल अशी सगळ्या किनाऱ्यावर एकच जागा होती. होड्या उतरवायला सिमेंटचा जो उतार केला होता, त्याला लागून असलेली घट्ट वाळू. पण ती जागा उजाडता उजाडता भरून जाई.

म्हणून त्यांचा मुलगा, म्हणजे वहिनीचा नवरा, पहाटे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला निघाला की काखेत आईची खुर्ची घेऊन जाई आणि उताराशेजारी मांडून पुढे कामाला जाई. सासूबाई आपल्या सावकाश आंघोळ करून, भाजी निवडून, शेजारणीशी दोन शब्द बोलून काठी टेकत खाली उतरत आणि दुपारपर्यंत तिथे बसत. पाण्याकडे बघत. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा चेहरा मोकळा दिसे. खुर्ची जुनी, लाकडी, घडीची. तिचं कापड फाटलं तेव्हा वहिनीनेच शेडमधल्या एका बेवारस छत्रीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणून शिवलं होतं.

शिट्टीवहिनी रोज पहाटे हातगाडी ढकलत त्या खुर्चीजवळून जाई. तिला वळसा घाली. कधी तिच्यावरची वाळूही झटके. ते सामान आहे, असं तिच्या डोक्यात कधी आलं नाही. गल्लीत कुणाच्याच आलं नाही. सामान पाहुण्यांचं असतं. ही आईंची खुर्ची होती.

ऐन हंगामात एक निळा तंबूवाला आला. बायको, दोन पोरं आणि होडीएवढा निळा तंबू. त्याने बरोब्बर उताराशेजारी बस्तान मांडलं, खुर्चीला अगदी खेटून. रोज पहाटे तंबू ठोकायचा आणि गायब व्हायचा. दोन दिवस वहिनीने नुसतं समजावलं. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं फिरलं. शिट्टी वाजवली, वाट बघितली, पुन्हा वाजवली, आणि तंबूला हात घातला. तंबू तारांचा होता. एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने उसळे. तिने त्याच्यावर गुडघा ठेवला, तर त्याने तिची टोपी उडवली. भिंतीशी उभी असलेली माणसं हसली. तिला घाम फुटला. शेवटी तिने तो तसाच उघडा, वाकडातिकडा गाडीवर चढवला आणि दोरीने करकचून बांधला.

तेवढ्यात तंबूवाला आला. ओले केस, हातात चहाचा कागदी कप. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्यांची तिला सवय होती.

"नियमच आहे ना? मग घेऊन जा," तो म्हणाला. मग कपाने खुर्चीकडे दाखवलं. "आणि ही?"

"ती आईंची आहे. माझ्या सासूबाईंची."

"कुठे आहेत त्या?"

"घरी."

"काय करतायत?"

वहिनीने खोटं बोलायला हवं होतं. पण संतापाच्या भरात खरं तोंडातून निघून गेलं. "भाजी निवडतायत."

आता पाहुणे हसले. तंबूवाल्याने मोबाइल काढून खुर्चीचा फोटो घेतला, मग गाडीवरच्या तंबूचा, मग तिचा. "तुमच्या साहेबांना दाखवतो. मला फक्त नियम समजून घ्यायचाय," तो म्हणाला. अगदी गोड आवाजात.

तिच्या पायाखालची वाळू सरकली. इतकी वर्षं ती ज्या खुर्चीला वळसा घालत होती, ती तिला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. जागा धरून बसलेली रिकामी खुर्ची. टॉवेलात आणि तिच्यात काय फरक होता? काही नाही. राग आला तो त्या माणसाचा, साहेबांचा, स्वतःचा, आणि सगळ्यात जास्त, त्याचं बरोबर होतं याचा. तिने खुर्चीची घडी घातली आणि तंबूवर आपटली.

"अगं, सासूची खुर्ची उचललीस?" भिंतीकडून कुणीतरी ओरडलं. "रोज नियम नियम करता ना? घ्या आता!" तीही ओरडली.

गाडी वळवली, तर उतारावर सासूबाई उभ्या. काठीवर दोन्ही हात. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पट्ट्यापट्ट्यांचं कापड ओळखलं. खुर्चीच्या जागी तंबूवाल्याच्या पोरांनी तोवर खड्डा खणायला घेतला होता.

"आई, ऐका ना..." वहिनी म्हणाली.

सासूबाई वळल्या आणि आल्या तशा सावकाश घरी गेल्या.

संध्याकाळी तिने खुर्ची शेडमधून सोडवून घरी आणली, पण सासूबाई खोलीतून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पलंगावर बसून एसीच्या डब्यांकडे बघत राहिल्या. नवरा जेवताना एकच वाक्य बोलला. "आईची खुर्ची सोडून बाकी काही मिळालं नाही का उचलायला?" ती उसळली. "मग तुम्ही या गळ्यात शिट्टी घालून! बघू किती दिवस टिकता!" गल्लीत तर विचारायलाच नको. जाता येता बायका कुजबुजत. जणू तिने खुर्ची नव्हे, सासूलाच गाडीवर घालून शेडमध्ये नेलं होतं.

एका दुपारी ती सासूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. खोलीत घुं घुं चालूच होतं. इतकी वर्षं ती या घरात होती, पण हा आवाज दिवसभर ऐकत बसणं म्हणजे काय, हे तिला कधी जाणवलं नव्हतं.

"आई, चुकलं माझं," ती म्हणाली. "खुर्ची उचलली ते नाही. ती उचलावीच लागली असती. पण आधी तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं. रागात आपटली मी ती."

सासूबाईंनी मान वळवली नाही. "नियम नक्की काय आहे तुझा?" त्यांनी विचारलं.

"सामानाजवळ माणूस हवं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागल्या. वहिनी चरफडत कामावर परत गेली. बरं म्हणजे काय बरं?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गाडी ढकलत उतारापाशी आली आणि जागच्या जागी थांबली. उताराशेजारी खुर्ची होती आणि खुर्चीत सासूबाई होत्या. अंगावर शाल, मांडीवर परात, परातीत भाजी. मुलाच्या आधाराने त्या अंधारातच खाली उतरल्या होत्या. आणि त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्याभोवती गल्लीतल्या निम्म्या घरांच्या चटया, स्टुलं आणि छत्र्या गोळा झाल्या होत्या. माणूस मात्र एकही नाही.

"आई, हे कुणाचं?"

"माझ्याकडे ठेवलंय सगळ्यांनी. कामं उरकून येतील सावकाश."

तेवढ्यात निळा तंबूवाला जांभया देत आला. शेडमधून सोडवलेला तंबू अजून वाकडाच होता. त्याने सामानाचा ढीग पाहिला, सासूबाईंना पाहिलं, वहिनीच्या शिट्टीकडे पाहिलं. जरा चाचरला.

"आजी, माझंही बघाल का? पोरं उठली की आलोच."

"ठेव बाबा तिकडे. पण पाण्याच्या आड येऊ देऊ नकोस. मला समुद्र दिसला पाहिजे."

त्याने निमूटपणे तंबू मागे सरकवला आणि झोपायला गेला. वहिनीचा तिळपापड झाला. "आई, अहो, हे बरोबर नाही! उद्या अख्खं हॉटेल तुमच्याकडे सामान ठेवेल! मी काय तोंड दाखवू साहेबांना?"

सासूबाईंनी शेंगेचा देठ मोडला आणि शेंग परातीत टाकली.

"सामानाजवळ माणूस हवं म्हणालीस ना?" त्या म्हणाल्या. "मग मी माणूस नाही का?"

वाजवायला उचललेली शिट्टी वहिनीच्या हातात होती. ती तिने पुन्हा गळ्यात सोडून दिली. तिने गाडी उचलली, नेहमीसारखा खुर्चीला वळसा घातला आणि थोडं पुढे गेल्यावर मागे वळून ओरडली, "ऊन चढलं की घरी जा हं!"

"जाते की," सासूबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या. "एवढ्या छत्र्या आहेत, एखादी उघडून दे आधी."

करवादतच ती परत आली आणि छत्री उघडून दिली.