विदूदादाचं ‘नको’

विदूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले. काही आठवड्यांनी त्याच्या अस्थिविसर्जनाचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर आला तेव्हा मला किळस आली. रडणं ओसरलं. किळस अजून गेलेली नाही...

विद्याधर, म्हणजे आमचा विदूदादा, माझा मामेभाऊ. ठाकूरद्वारच्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर जन्मला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. विमा कंपनीत नोकरी केली, आणि दर उन्हाळ्यात गिरगाव-दादरच्या आमच्यासारख्या, ऑफिसात बसून कंबर धरलेल्या माणसांना हिमालयातल्या एका खोऱ्यात नेलं. खोरं दर वर्षी तेच. यंदा दुसरीकडे जाऊ या, असं कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं. “तुम्ही जा. मी माझ्या नदीकडे चाललो.” त्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला बर्फाचा अवाढव्य, मळकट लोट पसरलेला आहे. त्याच्या पोटातून ही नदी निघते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा हिरमोडच झाला. निळंशार पाणी असेल असं वाटलं होतं, आणि समोर दुधात राख कालवल्यासारखं काहीतरी धावत होतं. “शी, गढूळ आहे रे!” मी म्हटलं. तो चिडला. “शैला, ही घाण नाही. बर्फाखाली दगड घासला जातो, त्याचं पीठ वाहतंय हे. घाण वेगळी. ती आपण आणतो.”

आणि आपण ती आणतोच. खोऱ्यात गाडीरस्ता झाल्यावर तर विचारू नका. थंड करायला पाण्यात ठेवलेल्या बिअरच्या बाटल्या, नदीत चाकं बुडवून धुतल्या जाणाऱ्या जीपगाड्या, दगडाखाली दडपलेले लहान मुलांचे डायपर. पण विदूदादाचा खरा संताप झाला तो आमच्याच ग्रुपमधल्या दादरच्या एका बाईंवर. सुशिक्षित, सोज्ज्वळ बाई. देवाचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यांनी घरून थेट हिमालयात आणलं होतं. वाहतं पाणी, पवित्र नदी, म्हणून डोळे मिटून, हात जोडून त्यांनी ते सोडलं. पिशवीसकट! विदूदादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या बर्फाच्या पाण्यात उतरला आणि पिशवी घेऊन वर आला. पाय निळे पडले होते. “नमस्कार करून टाकली म्हणजे घाण घाण राहत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?” त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्यानंतर त्याने एक जाड खाकी कापडाची पिशवी शिवून घेतली. परतताना नदीकाठी सापडेल तो कचरा तिच्यात भरायचा आणि मुंबईला आणायचा. खोऱ्यात कचऱ्याची गाडी येत नाही, सगळं पुन्हा नदीतच ढकलतात, असं त्याचं म्हणणं. वाडीत त्याची यथेच्छ थट्टा व्हायची. लोक हिमालयातून सफरचंदं आणतात, आमचा विद्याधर वेफर्सची रिकामी पाकिटं आणतो! तोही हसायचा. पिशवी मात्र धुऊन दाराच्या खिळ्याला लागायची.

परळच्या हॉस्पिटलात आमची शेवटची भेट झाली. त्याचा एकुलता एक मुलगा निखिल पायाशी उभा होता. विदूदादा हळू, पण स्पष्ट बोलला, “माझं काहीएक त्या नदीत टाकू नका. राख आपल्या गॅलरीतल्या तगरीच्या कुंडीत घाला.” निखिल म्हणाला, “हो बाबा.” मी माझ्या कानांनी ऐकलं.

आणि मग तो व्हिडिओ. ड्रोनने वरून घेतलेलं खोरं, मागे बासरी. ऐन दुपारची वेळ. उन्हाने बर्फ वितळून नदी तेव्हा फुगते, म्हणून विदूदादा दुपारी कुणाला काठाजवळ फिरकू देत नसे. निखिल आणि त्याचे मित्र गॉगल लावून उभे. राख गेली, मागोमाग सेलोफेनमध्ये गुंडाळलेला हार गेला, विदूदादाच्या आवडत्या बिस्किटांचा अख्खा पुडा गेला, त्याचा चष्मा गेला. शेवटी राखेची प्लास्टिकची पिशवी झटकली आणि तीही सोडली. ती एका दगडाला अडकून फडफडत राहिली, आणि कॅमेरा वर डोंगराकडे गेला. व्हिडिओखाली ग्रुपवर नातेवाइकांचे जोडलेले हात. एका महाभागाने लिहिलं होतं, ‘काय लोकेशन आहे!’

मी फोन लावला. “निखिल, त्याने नको म्हटलं होतं ना रे?”

“अगं आत्या, बाबांचं नको तुला माहीत नाही का? श्रीखंडालाही नको म्हणायचे आणि मग दोन वाट्या संपवायचे. त्यांचं केवढं प्रेम होतं त्या नदीवर! संकोचाने बोलले असतील. माझ्या खर्चाला घाबरून.”

मी फोन ठेवला. कारण खोटं काय होतं त्यात? आमच्या घरात नको म्हणजे वाढा. ताटावर हात आडवा धरायचा आणि बोटांच्या फटीतून जिलबी पडू द्यायची. वाढणाऱ्यानेही पहिल्या नकाराला भीक घालायची नाही, नाहीतर माणूस उपाशी उठला म्हणून चर्चा. अशा पंगतीत वाढलेल्या मुलाने मरणाऱ्या बापालाही आग्रह करून वाढलं. प्रेमाने, हौसेने, विमानाचं तिकीट काढून. निखिल वाईट मुलगा नाही, हेच मला सहन होत नाही. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ज्या पाण्यातून विदूदादाने पाय निळे करून दुसऱ्याची पिशवी बाहेर काढली, त्याच पाण्यात त्याची स्वतःची पिशवी अडकून पडली आहे, आणि ती काढायला तो नाही.

गेल्या रविवारी विदूदादाची वाडीतली खोली आवरायला निखिलने मला बोलावलं. तगर फुलली होती. कुंडीतली माती कोरडी होती, तिला पाणी घातलं. आत दाराच्या खिळ्याला खाकी पिशवी तशीच लटकत होती, धुतलेली, तळाशी त्या दगडाच्या पिठाचा राखाडी डाग, जो कधीच गेला नाही. निखिल म्हणाला, “आत्या, ही फार जुनी झालीय गं. टाकून देऊ?”

“नको,” मी म्हटलं.

मग आमच्या घरातलं ‘नको’ आठवलं. मी उठले, पिशवी खिळ्यावरून काढली आणि तो जाईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.