मासे सुकवणाऱ्या मावशीचा संदर्भ

झोम्बा शहरातल्या कॉलेजात तोवेरा न्यिरेंडा मुलांना शोधनिबंध लिहायला शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना ‘कोण-म्हणालं’ मॅडम म्हणत, कारण प्रत्येक निबंधाच्या समासात त्यांचा तोच प्रश्न असे. संदर्भ दिलेला असला तरी त्या ग्रंथालयात जाऊन ते पान उघडून बघत. हे चिडवणं त्यांच्या कानावर होतं, आणि मनातून आवडायचंही.

अतुपेले या विद्यार्थिनीचा निबंध चिल्वा सरोवर आटण्याच्या खुणांवर होता. वाचता वाचता बाईंचा चहा गार झाला. पाणी आधी कसं खारट लागतं, कोणती मासळी आधी जाते, सगळं अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं. खाली एका पुस्तकाचं नाव आणि पान. बाईंनी ते पान काढलं, तर तिथे भातशेती!

त्यांनी अतुपेलेला बोलावून घेतलं.

“अगं, इतकं छान लिहिलंस आणि खोटा संदर्भ का दिलास?”

पोरगी रडकुंडीला आली. “मॅडम, हे मला मावशीनं सांगितलं. ती सरोवराकाठी काचुलूला मासे सुकवते. तिचं नाव घातलं तर सगळे हसतील ना!”

“हसू देत. पण जे तो बिचारा लेखक बोललाच नाही, ते त्याच्या तोंडी घातलंस. आणि मावशी बोलली, तिचा पत्ताच नाही. चल, तिला विचारू, नाव दिलं तर चालेल का.”

शनिवारी दोघी मिनीबसनं काचुलूला गेल्या. मावशी, अबिती साइदी, उन्हात मासे उलटत होती.

“माझं नाव? कॉलेजात?” ती पोट धरून हसली. “घाला की! पण ते खारट पाण्याचं मला नणंदेनं सांगितलेलं. तिचंही घाला, नाहीतर ती माझं डोकं खाईल.”

बाईंनी तिला तिथेच मिठी मारली. मासळीचा वास झग्याला लागला तो लागलाच.

निबंधवाचनाच्या दिवशी अतुपेलेनं दोन्ही नावं, गाव, तारीख वाचली. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. अतुपेले जरा थांबली, आणि नावं पुन्हा वाचली, या वेळी चांगली खणखणीत. बाई डोळे पुसायला खिडकीकडे वळल्या.

त्या खोट्या पानाचे गुण मात्र त्यांनी कापलेच. अतुपेलेनं कुरकुर केली नाही. पुढच्या वर्षी संशोधनासाठी मार्गदर्शक निवडायची वेळ आली, तेव्हा तिनं त्यांचंच नाव दिलं.